पंप कां ओरडतो?

पूर्वीं जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत विहिरीवर मोट चालत असे. पहांटेच्या प्रहरीं मोटेच्या चाकाची करकर शिवारभर ऐकूं येई, आणि जाणता शेतकरी ती दुरूनच ऐकून चाकाचा कणा कोरडा पडला आहे कीं नाडा जागचा सरकला आहे, हें ओळखीत असे. आतां मोट गेली, धाव मोडली आणि थारोळीं बुजलीं. कुकडी, मीना, पुष्पावती, मांडवी व घोड या नद्यांवर धरणें झालीं; माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे, चिल्हेवाडी व डिंभे येथील जलाशयांच्या कांठीं, कालव्यांच्या बाजूस आणि द्राक्षांच्या व टोमॅटोच्या शेतांतील विहिरींवर पंप बसले. घरांतही तेंच झालें. गच्चीवरील टांकी भरावयास एक पंप, स्नानगृहांतील नळास जोर यावा म्हणून दुसरा, पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या पोटांत तिसरा आणि पाठीवर घेऊन फवारणी करावयाच्या यंत्रांत चौथा, असा पंपांचा परिवार वाढला. मात्र मोटेचा आवाज ऐकून तिचें दुखणें ओळखण्याची जी विद्या आमच्या वाडवडिलांस होती, ती पंपाच्या बाबतींत फारच थोड्यांनीं संपादन केली आहे. पंप ओरडूं लागला म्हणजे "यंत्र म्हटलें कीं आवाज व्हावयाचाच" असें म्हणून आपण स्वस्थ बसतों.

हें स्वस्थ बसणें तीन प्रकारें महाग पडतें. पहिली गोष्ट, घरांतील पंप रात्रीं घरघरूं लागला म्हणजे परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचें चित्त उडतें व वृद्धांची झोंप मोडते. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घातली आहे. दुसरी गोष्ट, पुष्कळ वेळां आवाज हा पंपाच्या नाशाची पूर्वसूचना असतो. जें आज कानास खुपतें तें कांहीं महिन्यांनीं खिशास खुपतें. तिसरी गोष्ट आमच्या भागांत सर्वांत महत्त्वाची आहे. शेतीच्या विजेची पाळी ज्या आठवड्यांत रात्रीची असते, त्या आठवड्यांत बिघडलेला पंप मध्येंच पाणी सोडतो, आणि तो पुन्हा भरून चालू करावयास शेतकऱ्यास अंधारांत उसाच्या कडेनें विहिरीवर जावें लागतें. जुन्नर व आंबेगांव हा बिबट्यांचा मुलूख आहे, हें येथील लहान मुलासही सांगावयास नको. जो पंप रात्रभर न कुरकुरतां चालतो, तो घरधन्याची एक धोक्याची फेरी वांचवितो. म्हणून पंपाचा आवाज कोठून येतो व तो कसा शमवावा, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

आवाजाचे तीन रस्ते

आवाज म्हणजे कंप होय. तंबोऱ्याची तार छेडली असतां ती कांपते. पण नुसत्या तारेचा आवाज फार क्षीण असतो. ती तार घोडीवरून आपला कंप लांकडी तबकडीस व भोपळ्यास देते, तो रुंद पृष्ठभाग पुष्कळशा हवेस हालवितो, आणि मग त्याच तारेनें दिवाणखाना भरून जातो. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत याचा पडताळा अवश्य पाहावा. नादकांटा आपटून हवेंत धरावा. आवाज जेमतेम ऐकूं येईल. मग त्याचा दांडा बाकावर टेकावा; सर्व वर्गास ऐकूं जाईल. नंतर बाकावर घोंगडीची चौपदरी घडी ठेवून तीवर तो टेकावा. आवाज पुन्हा क्षीण होईल. नादकांटा तोच, आपटणारा हात तोच. फरक केवळ तो कशास टेकला आहे याचा.

पंपाचेंही असेंच आहे. त्याचा कंप तीन रस्त्यांनीं बाहेर पडतो. एक रस्ता हवेचा. मोटारीचा पंखा व पत्रा यांचा आवाज सरळ कानावर येतो. दुसरा रस्ता घन पदार्थांचा. पंपाच्या पायांतून तो ओट्यांत, भिंतींत व स्लॅबमध्यें जातो आणि सारें घर तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणें बोलूं लागतें. तिसरा रस्ता पाण्याचा. नळींतील पाणी स्वतःच कंप वाहून नेतें, म्हणून तळमजल्यावरील पंपाचा आवाज तिसऱ्या मजल्यावरील नळास कान लाविला असतां ऐकूं येतो. ज्या रस्त्यानें आवाज येत आहे तोच अडविला पाहिजे. भिंतींतून येणाऱ्या आवाजासाठीं पंपावर पेटी झांकून उपयोग नाहीं, आणि पाण्यांतून जाणाऱ्या आवाजासाठीं पायांखालीं रबर घालून भागत नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पुष्कळ लोक आवाज दाबण्यासाठीं मोटारीभोंवतीं पोतीं गुंडाळतात. मोटारीच्या मागील पंखा बाहेरची हवा ओढून तिला थंड ठेवीत असतो. ती वाट बंद झाली कीं आंतील तारांचें वेटोळें तापतें व जळतें. पेटी करावयाचीच असेल तर तीस हवा येण्याजाण्याची वाट ठेवलीच पाहिजे.

कानानें परीक्षा

वैद्य जसा औषधापूर्वीं नाडी पाहतो, तद्वत् उपायापूर्वीं आवाजाची जात ओळखावी. फ्रान्समधील लाएनेक या वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीवर टेकून हृदयाचे ठोके ऐकिले आणि पुढें त्याच हेतूनें लांकडी नळी केली. हल्लींच्या स्टेथॉस्कोपचा जन्म तेथें झाला. पंपाचे कारागीरही तीच युक्ति योजितात. एक कोरडी लांकडी काठी घेऊन तिचें एक टोंक पंपाच्या स्थिर भागावर टेकावें व दुसरें कानाच्या पुढील हाडास लावावें. कोणत्या भागाजवळ आवाज मोठा येतो हें तत्काळ समजतें. फिरणाऱ्या भागापासून काठी, पदर, उपरणें व हात दूर ठेवावे, आणि हें काम मुलांनीं वडील माणसांवांचून करूं नये.

आवाजाच्या मुख्य जाती पुढीलप्रमाणें आहेत. एकसारखी गुणगुण असेल तर ती विजेची होय. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते आणि मोटारींतील लोखंड प्रत्येक आवर्तनांत दोनदां ओढलें जातें, म्हणून सेकंदास १०० कंपांचा मंद सूर निघतो. तो थोडासा असणें स्वाभाविक आहे. पण तीन फेजची मोटार नुसतीच मोठ्यानें गुणगुणते व फिरत नाहीं, तर एक फेज गेला असें समजून तत्क्षणीं बटन बंद करावें, नाहींतर मोटार जळते. त्याहून उंच असा अखंड सूर पात्यांचा असतो. पंपाच्या आंतील पंखा मिनिटास २,८८० फेरे करीत असला तर सेकंदास ४८ फेरे झाले. त्यास सहा पातीं असल्यास ४८ गुणिलें ६, म्हणजे सेकंदास २८८ वेळां पाण्यास धक्का बसतो, आणि तितक्याच कंपांचा सूर ऐकूं येतो. खरखर व किरकिर हा बेअरिंगचा आवाज. ठक्‌ठक्‌ हा बहुधा सैल बोल्टाचा किंवा सरळ रेषेंत नसलेल्या कपलिंगचा. मधूनमधून गुडगुड हा नळींत शिरलेल्या हवेचा. मोठा दणका हा पाण्याच्या आघाताचा. आणि पंपाच्या पोटांत कोणी मूठभर वाळूचे खडे टाकले असावे असा कडकडाट होत असेल, तर तें ओढीकडील दुखणें होय. त्याचा विचार जरा सविस्तर करूं.

ओढीकडील दुखणें

पंप पाणी "ओढतो" असें आपण म्हणतों खरें. पण वस्तुतः पंप नळींतील दाब कमी करतो, आणि विहिरींतील पाण्यावर भार घालणारें वातावरण तें पाणी वर ढकलतें. गॅलिलिओनें १६३८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत ओढीच्या पंपानें पाणी सुमारें अठरा हातांपलीकडे चढत नाहीं, हें नमूद केलें. त्याचें कारण वातावरणाचा दाब होय, हें त्याचा शिष्य तोरिचेल्ली याच्या पाऱ्यावरील प्रयोगानें कळून आलें. समुद्रकांठीं हा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंच स्तंभाइतका असतो. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंच आहे. त्यामुळें येथें तो ९.५ मीटरांच्या आसपास भरतो. अर्थात् जो पंप मुंबईस सुरळीत चालतो, तोच आमच्या पठारावर कुरकुर करूं शकतो.

हे साडेनऊ मीटरही सर्व आपल्या हातीं लागत नाहींत. ऊन पाण्याची वाफ होण्याची प्रवृत्ति सुमारें अर्धा मीटर खाते. पंपाच्या तोंडांत पाणी वेगानें शिरावयास दोनतीन मीटर लागतात. नळीचें घर्षण, वांकणें, जाळी व फूट-व्हॉल्व्ह यांत आणखी कांहीं जातें. शेवटीं पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंत उभें अंतर पांच-सहा मीटरांहून अधिक नसावें, हाच व्यवहारांतील नियम उरतो. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी खोल जातें, धरणाचा फुगवटा मागें हटतो, आणि पावसाळ्यांत शांत असलेला पंप चैत्र-वैशाखांत ओरडूं लागतो, त्याचें रहस्य हेंच आहे.

दाब फारच कमी झाला म्हणजे काय होतें? पाणी न तापवितांच उकळूं लागतें. याचाही प्रयोग सोपा आहे. सुई नसलेल्या मोठ्या पिचकारींत हातास सोसवेल इतकें गरम पाणी अर्ध्यापर्यंत भरावें, तोंड बोटानें घट्ट दाबावें आणि दट्ट्या जोरानें मागें ओढावा. पाण्यांत बुडबुडे उठतात. दट्ट्या सोडला कीं ते मावळतात. पंपांतही पंख्याच्या तोंडाशीं असे वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात व पुढें दाब वाढतांच ते एकाएकीं मिटतात. मिटतांना भोंवतालचें पाणी त्या पोकळींत इतक्या वेगानें धांवून येतें कीं त्याचा घाव धातूवर घणासारखा बसतो. असे असंख्य घाव मिळून तो खड्यांचा कडकडाट होतो, आणि पंखा वाळवी लागलेल्या लांकडाप्रमाणें खरवडून निघतो.

या व्याधीचा शोध प्रथम पंपांत नव्हे, तर जहाजांत लागला. इ. स. १८९४ च्या सुमारास 'डेअरिंग' नांवाच्या ब्रिटिश युद्धनौकेचा वेग अपेक्षेप्रमाणें वाढेना. तिच्या पंख्यांभोंवतीं पाण्यांत पोकळ्या होत आहेत असें चौकशीअंतीं आढळलें. चार्ल्स पार्सन्स याच्या 'टर्बिनिया' नौकेसही तेंच विघ्न आलें. त्यानें कांचेची खिडकी असलेल्या लहान हौदांत पंखा फिरवून त्या पोकळ्या डोळ्यांनीं पाहिल्या, आणि एका पंख्याऐवजीं तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवून १८९७ सालीं सर्वांस थक्क करणारा वेग साधला. पुढें १९१७ मध्यें लॉर्ड रॅले यानें बुडबुडा मिटतांना दाब किती प्रचंड होतो याचें गणित मांडलें. आमच्या विहिरीवरील पंपाचा कडकडाट आणि त्या युद्धनौकेचें अपयश हीं एकाच मुळाचीं फळें आहेत.

यावर उपाय पंपांत नसून त्याच्या अलीकडे आहेत. पंप पाण्याच्या जवळ न्यावा. सक्शनची नळी आंखूड व सरळ ठेवावी. वांकणें कमी करावीं. जाळीवरील शेवाळ व पालापाचोळा काढावा. आणि मुख्य म्हणजे नळी जाड घ्यावी. तितकेंच पाणी तितक्याच लांबीच्या नळींतून न्यावयाचें असतां घर्षणानें होणारी हानि नळीच्या व्यासाच्या पांचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत असते. ५० मिलिमीटरऐवजीं ६५ मिलिमीटर नळी घेतली तर ही हानि चतुर्थांशाच्या आसपास येते. व्यास दुप्पट केला तर बत्तिसाव्या हिश्शावर येते. पैसे वांचविण्यासाठीं सक्शनकडे बारीक नळी घालणारा मनुष्य दरमहा विजेच्या बिलांत ते पैसे परत देत असतो. पाणी कमी करावयाचें झाल्यास सक्शनकडील तोटी कधींही आवळूं नये; डिलिव्हरीकडील आवळावी.

पंप पाण्याजवळ न्यावा असें आम्ही म्हटलें. पण त्यास एक मोठा अपवाद आहे. तेलाचें इंजिन विहिरींत उतरवून कदापि चालवूं नये. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि विहिरीच्या पोटांत तो सांचून राहतो. असें इंजिन चालविण्यास उतरलेला मनुष्य आणि त्यास काढावयास गेलेला दुसरा, असे दोघेही प्राणास मुकल्याचे प्रकार घडतात. खोल विहिरीस पाण्यांत बुडून चालणारा विजेचा पंपच योग्य. त्यास ओढीचें दुखणें सहसा होत नाहीं, आणि पाणीच त्याचा आवाज झांकून टाकतें.

हवा शिरणें

नळींत हवा शिरली तर पंप गुडगुडतो, पाण्याची धार तुटक पडते आणि शेवटीं पंप पाणी सोडून देतो. सक्शनच्या नळींत बाहेरच्यापेक्षां दाब कमी असल्यामुळें तिच्या भोंकांतून पाणी बाहेर न गळतां हवा आंत जाते. म्हणून डोळ्यांनीं ही गळती दिसत नाहीं. ती शोधण्याची युक्ति अशी : पंप बंद करून नळी काठोकांठ पाण्यानें भरावी व भरण्याचें तोंड उघडें ठेवून थोडा वेळ थांबावें. आतां आंतील दाब बाहेरच्यापेक्षां अधिक होतो, आणि सदोष सांध्यावर पाण्याचे थेंब उभे राहतात. किंवा पंप चालू असतां एकेका सांध्यावर ओली चिकणमाती लिंपीत जावें. ज्या सांध्यावर माती बसतांच गुडगुड थांबते, तोच अपराधी. सर्वच सांधे कोरडे राहिले, पण भरलेलें पाणी आपोआप खालीं उतरत गेलें, तर दोष फूट-व्हॉल्व्हच्या वॉशरमध्यें आहे. अशा वेळीं शेणकाला ओतून वेळ मारून नेण्याची रीत आहे. परंतु ती मलमपट्टी होय. दिवसाउजेडीं थोडक्या खर्चांत वॉशर बदलला तर रात्रीं विहिरीवर जाण्याचा प्रसंग टळतो. फूट-व्हॉल्व्ह पाण्यांत निदान हात-दीडहात बुडालेला असावा. नाहींतर पाण्यास भोंवरा पडून त्यांतूनही हवा शिरते.

पाण्याचा दणका

नळ एकदम बंद केला असतां भिंतींत "धाड्‌" असा आवाज होतो, किंवा वीज जातांच चढावरील लांब नळींतून दणका ऐकूं येतो. वाहतें पाणी म्हणजे धांवणारी गाडीच होय. ती एकाएकीं अडविली तर तिचा सारा वेग दाबांत पालटतो. रशियांतील झुकोव्हस्की या शास्त्रज्ञानें मॉस्को येथें प्रयोग करून १८९८ सालीं याचा नियम सांगितला. लोखंडी नळींतील पाणी सेकंदास एक मीटर या बेताच्या वेगानें वाहत असून तें क्षणांत थांबलें, तर पाण्याच्या सुमारें १२० मीटर उंच स्तंभाइतका जादा दाब उत्पन्न होतो! सांधे कां निखळतात व नळ्या कां फुटतात, याचें उत्तर या एका आंकड्यांत आहे.

उपाय दोन. पहिला, नळ किंवा तोटी सावकाश बंद करावी. दुसरा, नळीस हवेची एक बंद पेटी जोडावी. पाणी दाबलें जात नाहीं, पण हवा दाबली जाते. म्हणून ती पेटी गाडीच्या कमानीप्रमाणें धक्का गिळते. हाच आघात माणसानें कामासही जुंपला आहे. फ्रान्समधील माँगोल्फिए यानें १७९६ सालीं केलेल्या यंत्रांत वीज किंवा इंजिन कांहींच नसतां वाहत्या पाण्याच्या दणक्यानेंच थोडें पाणी उंच चढविलें जातें. जी शक्ति मोकाट सुटली असतां नळ्या फोडते, तीच आवरली असतां पाणी भरते.

बैठक व जोडणी

आतां घन पदार्थांचा रस्ता. शेतावरील पंपास जड काँक्रीटचा ओटा हवा. पंप व मोटार यांचे दांडे एका सरळ रेषेंत असावे आणि बोल्ट घट्ट असावे. येथें जडपणा हाच उपाय. उलट घरांतील लहान पंप भिंतीच्या कोंपऱ्यांत किंवा पातळ स्लॅबवर बसविलेला असतो. तेथें त्याच्या पायांखालीं रबराचे जाड तुकडे घालावे. मात्र बोल्ट इतके आवळूं नयेत कीं रबर चेंगरून दगडासारखें व्हावें. दाबलेलें रबर म्हणजे घडी नसलेली घोंगडी. पंपाच्या दोन्ही बाजूंस ताठ नळीऐवजीं हातभर लवचिक नळी जोडावी. ताठ नळी जशीच्या तशी ठेवून नुसतें रबर घातलें, तर एक दार लावून दुसरें उघडें ठेवल्यासारखें होतें. भिंतींतून जाणाऱ्या नळीभोंवतीं सिमेंट न लिंपतां रबर किंवा काथ्या भरावा. पट्ट्यांखालींही रबराची पट्टी द्यावी.

नावेवरील लहान पंप

या सर्व नियमांची उत्तम परीक्षा लहान नावेंत होते. कोंकणच्या व गोव्याच्या किनाऱ्यावरील, मुक्कामाची सोय असलेल्या लहान नौकांत पिण्याच्या गोड्या पाण्याची टांकी असते व हात धुण्याच्या भांड्यावर नळ असतो. नळ उघडतांच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक वीतभर लांबीचा पंप सुरू होतो. पंप एवढासा, पण आवाज सर्व नावेभर! याचें कारण आमच्या वाचकांनीं एव्हांना ओळखलेंच असेल : नावेचें पोकळ अंग म्हणजे साक्षात् तंबोऱ्याचा भोपळा, आणि तिच्या पातळ फळ्या म्हणजे तबकडी.

हा पंप विहिरीवरील पंपाच्या जातीचा नव्हे. यांत फिरणारा पंखा नसून रबराचा पडदा पुढेंमागें हालत असतो. म्हणून पाणी एकसारखें न येतां ठोक्याठोक्यानें येतें. याचा सख्खा भाऊ आमच्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं आहे. बॅटरीच्या फवारणी यंत्रांतील पंप तो हाच. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतही याच जातीचा पंप असतो. फवारणी यंत्राची मूठ सोडली कीं पंप आपोआप थांबतो, दाबली कीं सुरू होतो. तें काम दाबावर चालणारें एक लहानसें बटन करतें. नळ अगदीं बारीक सोडला तर दाब लगेच चढतो व उतरतो, आणि पंप टर्‌टर्‌ करीत क्षणोक्षणीं चालू-बंद होतो. रात्रीं सर्व निजले असतां कोणीही नळ न उघडतां पंप मधूनच एखादी उचकी द्यावी तसा वाजला, तर कोठें तरी थेंब गळत आहे असें निश्चित समजावें.

नावाडी यावर जे उपाय योजितात, ते क्रमानें असे : पंप पातळ फळीवरून काढून नावेच्या भक्कम भागावर, नरम रबरावर बसवावयाचा, स्क्रू बेतानें आवळावयाचे, दोन्ही बाजूंस हातभर लवचिक नळी घालावयाची व ती फळीस कोठेंही घासूं द्यावयाची नाहीं, टांकीकडील जाळी साफ ठेवावयाची, आणि पंपाच्या पुढें हवेची एक लहान बंद टांकी जोडावयाची. या टांकींतील हवा ठोके गिळून धार सारखी करते, आणि थोडें पाणी दाबून साठवून ठेवते. त्यामुळें पेलाभर पाणी घेतलें तर पंप जागाही होत नाहीं. घरांतील नळास जोर देणाऱ्या पंपासही हेच उपाय तंतोतंत लागू पडतात.

धरणाच्या कांठचा शेतकरीही इच्छील तर नावाड्याचा हा धडा घेऊं शकतो. उन्हाळ्यांत पाणी मागें हटलें म्हणजे सक्शनची नळी लांबवीत बसण्यापेक्षां रिकाम्या पिपांचा भक्कम तराफा करून त्यावर पंप ठेवला, तर पाण्याबरोबर पंपही खालीं उतरतो व ओढीचें अंतर वाढत नाहीं. अशा तराफ्यावर डिलिव्हरीची नळी लवचिक असावी, आणि वीज पाण्यावर नेण्याचें काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावें.

उपायांचा क्रम

घाईनें नवा पंप विकत घेण्यापूर्वीं स्वस्तांतून महागाकडे जावें. प्रथम वीज तोडून जाळी व फूट-व्हॉल्व्ह पाहावे. मग सांधे तपासावे. मग बोल्ट, कपलिंग व बेअरिंग पाहावें. मग रबर व लवचिक नळी घालावी. त्यानंतर हवेची टांकी. त्यापुढें जाड सक्शन नळी, आणि सर्वांच्या शेवटीं नवा पंप. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व आवाज पुन्हा ऐकावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हा अंधारांत चांचपडावें लागतें.

आमच्या विद्यार्थ्यांस एक काम सांगून हा लेख पुरा करतों. आपला पंप नीट चालत असतां तो कसा वाजतो, हें या सुटींत एकदां लक्षपूर्वक ऐकून वहींत टिपून ठेवावें : सूर कसा आहे, धार किती दूर पडते, टांकी किती मिनिटांत भरते. हीच टीप बिघाडाच्या दिवशीं ताडून पाहावयास उपयोगीं पडेल. निरोगी माणसाची नाडी ज्यास ठाऊक नाहीं, त्यास रोग्याची नाडी कशी कळणार? ज्या घरीं ही वही असेल, त्या घरच्या वडिलांस रात्रीं विहिरीवर जाण्याचे प्रसंग थोडे येतील.